बंद कोळसा खाणीवर कचरा भरून बाग उभी करायची तर: तळापासून वरपर्यंत सगळं

कोळसा संपला, मशिनरी निघून गेली की मागे काय उरतं, तर एक भलामोठा खड्डा, शेजारी ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे, काळे-करडे डोंगर आणि मध्ये कुठेतरी नारिंगी पाण्याचं डबकं. त्याच सुमारास जवळच्या शहराला कचरा टाकायला जागा हवी असते. मग कुणाला तरी सुचतंच की खड्डाही आहे, कचराही आहे, भरून टाका आणि वर बाग करा, आयताच मेळ जमतोय. कल्पना वाईट नाहीये. पण खड्डा दिसतो म्हणून त्याला भांडं समजू नका, कोळशाची खाण म्हणजे फुटकं मडकं असतं, तळाला भोकं, बाजूला भेगा, आत जुने बोगदे. त्यात कचरा ओतला की त्याचं पाणी आणि गॅस कुठून बाहेर येईल ते तुम्ही ठरवत नाही, खाण ठरवते. म्हणून आपलं निम्मं काम हे मडकं बुजवण्याचं असतं, बागेचा नंबर फार नंतर लागतो.

कचरा भरायचाच का, ते आधी ठरवा

हे कुणी नीट विचारत नाही म्हणून आधी लिहितोय. खड्ड्याला कचराच लागतो असं नाही, बाजूचा ओव्हरबर्डन परत ढकलून भरता येतो, पाणी चांगलं असेल तर तलाव करता येतो, नुसता उतार सौम्य करून झाडं लावली तरी पुष्कळ काम होतं. पूर्व जर्मनीत लाउझित्स भागात उघड्या खाणींचे खड्डे पाण्याने भरून तलावांची आख्खी साखळीच उभी केलीय. लँडफिलचा, म्हणजे कचऱ्याच्या भरावाचा, नाद तेव्हाच करा जेव्हा तीन गोष्टी हातात असतील: तळ कोरडा ठेवता येईल अशी जागा, जवळ चांगली चिकणमाती, आणि खड्डा शेवटपर्यंत भरेल एवढा कचरा येत राहील याची खात्री. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. अर्धा भरून सोडलेला खड्डा म्हणजे पावसाचं पाणी गोळा करणारी कढई, दर पावसाळ्यात नवं लीचेट (कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी) तयार, आणि ते उपसायचा खर्च कायमचा गळ्यात. नुसता बांधकामाचा राडारोडा भरायचा असेल तर डोकेदुखी बरीच कमी, त्यात सडणारं काही फारसं नसतं. तरी जिप्सम बोर्ड वेगळे काढा, ते ओल्या कचऱ्यात गेले की कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनतो आणि तो विषारी असतो.

जुने नकाशे, शाफ्ट आणि पोकळ्या

पहिले काही महिने एकही डंपर आणू नका. खाणीचे जुने प्लॅन मिळवा, कोणता सीम (कोळशाचा थर) किती खोलीवर होता, किती जाडीचा, पिलर (छताला आधार देणारे कोळशाचे खांब) सोडले होते की काढले, शाफ्ट (उभी विहीर) आणि इन्क्लाइन (उतरता बोगदा) कुठे उघडत होते. प्लॅनवर विश्वास ठेवा पण अर्धाच, कारण शेवटच्या दिवसांत जाता जाता पिलर काढून नेलेले असतात आणि ते कागदावर कुणी चढवत नाही. त्या खाणीत काम केलेली म्हातारी माणसं जवळपास असतील तर त्यांच्यासोबत एकदा जागेवर फिरा, नकाशात नसलेली तोंडं ते बोटाने दाखवतात.

मग ड्रिलिंग. एक जुना अंदाजाचा नियम आहे की भूमिगत पोकळीचं छत कोसळत कोसळत वर येतं ते साधारण सीमच्या जाडीच्या दहापट उंचीपर्यंत. म्हणजे २ मीटरचा सीम असेल आणि वर पक्का खडक २० मीटरपेक्षा कमी असेल तर एक दिवस जमिनीला भोक पडू शकतं, तेही लायनरच्या, म्हणजे तळाशी पाणी अडवणाऱ्या थराच्या, बरोब्बर खाली. अशा ठिकाणी ठरावीक अंतरावर बोअर मारून सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅशचं ग्राउट, म्हणजे पातळ लगदा, आत पंप करतात. शाफ्ट असेल तर तो भरून वर आरसीसीची टोपी टाकायची, टोपी शाफ्टच्या व्यासाच्या निदान दुप्पट आणि बसलेली पक्क्या खडकावर. नुसत्या मातीवर टेकवलेली टोपी कामाची नाही, खालची माती शाफ्टमध्ये सरकली की टोपी पण जाते.

उघड्या खाणीचा खड्डा असेल आणि त्यात आधीच सैल ओव्हरबर्डन टाकलेला असेल तर वेगळीच गंमत. तो भराव वर्षानुवर्षं शांत दिसतो, आणि भूजल वर चढून त्याला पहिल्यांदा भिजवतं तेव्हा एकदम खचतो. त्यावर लायनर अंथरलं असेल तर फाटलंच समजा. त्यामुळे भराव उकरून थराथराने रोलरने दाबून परत भरा, नाहीतर ती जागा लँडफिलसाठी सोडा आणि तिथे गवताचं मैदान करा.

पाणी: खाणीतलं पाणी थांबून राहत नाही

खाण चालू असताना पंप चालू असतात, म्हणून तळ कोरडा दिसतो. पंप बंद केले की पाणी हळूहळू आपल्या जुन्या पातळीला परत येतं, कधी काही वर्षांत, कधी काही दशकांत. आज कोरड्या दिसणाऱ्या तळावर तुम्ही लायनर टाकता आणि दहा वर्षांनी खालून पाणी त्याला वर उचलायला लागतं. म्हणून आधी पीझोमीटर (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या) बसवा, निदान वर्षभर पातळी मोजा, पाणी शेवटी कुठपर्यंत येणार ते काढा आणि लँडफिलचा तळ त्याच्या वर ठेवा. तसं जमतच नसेल तर लायनरखाली ड्रेन लागेल, आणि तो पंपावर चालणारा असेल तर तो पंप कोण किती वर्षं चालवणार हे लेखी पाहिजे.

दुसरा त्रास आम्लाचा. कोळशासोबतच्या शेलमध्ये पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक, त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनतं आणि लोह पाण्यात उतरतं. एकदा एका बंद इन्क्लाइनच्या तोंडातून बाटली भरून घेतली होती, पाणी अगदी नितळ, सोबतचे लोक म्हणाले हे तर प्यायच्या पाण्यासारखं आहे. बाटली गाडीत तशीच राहिली, संध्याकाळी बघतो तर तळाशी बोटभर नारिंगी गाळ. विरघळलेलं लोह हवा लागेपर्यंत दिसतच नाही, म्हणून पाणी नितळ आहे यावर जाऊ नका, लॅबला पाठवा. पीएच, लोह, मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम, सल्फेट, आणि सोबत ओव्हरबर्डनच्या प्रत्येक थराचं गंधक. हिशोब सोपा आहे, मालात १ टक्का पायराइटचं गंधक असेल तर त्याचं आम्ल मारायला टनामागे ३१.२५ किलो चुनखडी लागते, तीही कागदावर, प्रत्यक्षात सगळे जास्तच टाकतात कारण जागेवर ती एकसारखी मिसळत नाही. जो थर फारच आम्लधर्मी आहे तो वेगळा काढून खोल, दाबून, हवा लागणार नाही असा गाडायचा.

खाणीचं पाणी आणि कचऱ्याचं लीचेट एकाच टाकीत आणू नका. लोहाचा गाळ लीचेटचे पाइप आणि ट्रीटमेंट दोन्ही चोंदवतो. खाणीच्या पाण्याला बहुतेक वेळा हवा खेळवायला पायऱ्या, गाळ बसायला तळी आणि शेवटी पाणकणसासारख्या पाणवनस्पतींची दलदल एवढ्यावर भागतं, पाणी आम्लधर्मी असेल तर मध्ये चुनखडीचा टप्पा घालावा लागतो. आणि हीच दलदल पुढे बागेतली सगळ्यात सुंदर जागा होते, पक्षी पहिले तिथेच येतात.

ढिगाऱ्याखालच्या झऱ्याकडे तर कधीच दुर्लक्ष करू नका. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला खाणीच्या मालाचा सात नंबरचा ढीग झऱ्यावर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो पाणी पिऊन घसरला आणि शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. कुठलाही डंप हलवण्याआधी त्याच्या पायथ्याला ओल कुठे आहे, कुठे वेगळंच हिरवं गवत उगवलंय, ते चालत बघून या.

आग

सेंट्रालिया ऐकलं असेल, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं हजारभर वस्तीचं गाव. तिथे गावाचा कचरा टाकायची जागा होती एक जुना उघडा कोळसा खड्डा. मे १९६२ मध्ये त्या कचऱ्याला आग लागली, खड्ड्याच्या बाजूला नीट न बुजवलेल्या वाटेतून ती आतल्या सीमला लागली, आणि अजून जळतेय. १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लोकांना हलवायला ४ कोटी २० लाख डॉलर दिले, गाव संपलंच. आपल्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण कोळसा खड्डा आणि कचरा एकत्र आले की नेमकं काय होऊ शकतं ते तिथे दिसतं.

त्यामुळे कचरा आणि कोळसा यांच्यात न जळणाऱ्या मातीचा जाड थर हवाच. उघडा पडलेला सीम शक्यतो खरवडून काढा, उरलेल्यावर चिकणमाती दाबून बसवा. गरम राख किंवा धूर येणारी गाडी गेटवरच थांबवून बाजूच्या मोकळ्या जागेत ओतायची, थंड झाल्याशिवाय आत नाही. आणि डंप आधीच आतून जळत असेल, म्हणजे पावसानंतर वाफा निघताहेत, गंधकाचा वास येतोय, माती विटकरी लाल झालीय, तर त्यावर टँकरने पाणी मारायचा मोह आवरा. तापलेल्या आतल्या भागावर एकदम पाणी गेलं की वाफेचा स्फोट होऊ शकतो, पेटणारे वायूही तयार होतात. लांब बूमच्या पोकलेनने थोडं थोडं उकरायचं, पातळ पसरून गार होऊ द्यायचं, मग थराथराने दाबून परत रचायचं. दाबलेल्या मालात हवा शिरत नाही, आणि हवा नाही तर आग नाही.

तळ

इथे पैसे वाचवू नका, एवढंच सांगेन. युरोपियन युनियनच्या १९९९ च्या लँडफिल डायरेक्टिव्हप्रमाणे साध्या शहरी कचऱ्याखाली निदान १ मीटर अशी माती लागते की तिच्यातून पाणी वर्षाला साधारण ३ सेंटीमीटर एवढंच सरकेल, किंवा तेवढंच संरक्षण देणारं दुसरं काही. अमेरिकेचा नियम ६० सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती आणि तिला चिकटून वर एचडीपीईची (जाड प्लास्टिकची) शीट असा आहे. शीटवर संरक्षणाचं जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), त्यावर धुतलेल्या गोट्यांचा ड्रेनेज थर, त्यात भोकांचे पाइप, आणि उतार एका संपकडे, म्हणजे लीचेट गोळा होणाऱ्या खड्ड्याकडे. लायनरवर लीचेट ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त साचू द्यायचं नाही. चिकणमाती ओव्हरबर्डनमधूनच मिळाली तर भाडं वाचतं, पण त्यात कोळशाचे किंवा पायराइटी शेलचे तुकडे नकोत, आणि दाबल्यावर उन्हात उघडी ठेवू नका, दोन दिवसांत भेगा पडतात. शीटचा प्रत्येक जोड टेस्ट करून त्याचा नंबर नोंदवायचा. सगळ्यात जास्त भोकं पडतात ती वरचे गोटे पसरताना, डोझरवाल्याच्या घाईत, तेव्हा त्या दिवशी कुणीतरी जबाबदार माणूस तिथे उभा पाहिजे, ऑफिसात नाही.

भरणं

सगळा खड्डा एकदम उघडा ठेवायचा नाही, छोटे सेल (कप्पे) करा, एक भरून झाकायचा मग पुढचा. रोज संध्याकाळी १५ सेंटीमीटर मातीचं झाकण, त्याने माश्या, कावळे, वास आणि आग चारही आटोक्यात राहतात. इथे खाणीची जागा फायद्याची ठरते, झाकायला ओव्हरबर्डन शेजारीच पडलेला असतो, फक्त आम्ल न देणारा निवडायचा. कचरा जितका दाबाल तितकं नंतरचं खचणं कमी.

गॅस, ज्याला दिशा नसते

ओला कचरा हवेविना कुजला की निम्म्याहून थोडा जास्त मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड बनतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगीला स्फोट. साध्या जमिनीत तो बराचसा वर निघून जातो, खाणीच्या जमिनीत मात्र त्याला आडव्या वाटा मिळतात, भेगा, जुने बोगदे, वाळूचा दगड. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लोस्को गावात २४ मार्च १९८६ ला एक बंगला स्फोटात उडाला, आतले तिघं जखमी झाले. गॅस आला होता जवळच्या बुजवलेल्या लँडफिलमधून, जमिनीखालून. त्या रात्री हवेचा दाब ७ तासांत २९ मिलिबारने पडला होता, बाहेरचा दाब कमी झाला आणि जमिनीतला गॅस बाहेर ओढला गेला.

यातून कामाची गोष्ट अशी की गॅसचं रीडिंग छान ऊन पडलेल्या दिवशी घेऊन फाइल बंद करू नका, वादळ यायच्या आधी दाब पडत असताना घ्या. लँडफिलच्या हद्दीबाहेर, घरांच्या बाजूला, जवळजवळ बोअर घ्या आणि मिथेनसोबत कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन पण मोजा, कारण खाणीतून येणारी ऑक्सिजन नसलेली हवा पेटत नाही तरी माणूस मारते. आत उभ्या गॅस विहिरी, त्या पाइपने जोडून हलकं सक्शन, आणि गॅस फ्लेअरला (जाळून टाकायच्या चिमणीला) किंवा पुरेसा असेल तर इंजिनला. सक्शन जास्त ठेवलंत तर हवा आत ओढली जाऊन कचराच पेटतो, म्हणून विहिरीतल्या ऑक्सिजनवर आणि तापमानावर डोळा ठेवा. इमारतीत १.२५ टक्के मिथेन, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा पाव भाग, ही अमेरिकेच्या नियमातली हद्द आहे.

झाकण

शेवटचा सेल भरला की वर गॅस गोळा करणारा थर, मग चिकणमाती किंवा शीट किंवा दोन्ही, मग पाणी वाहून जायला ड्रेनेज, मग माती. कडेचे उतार ३ ला १ (३ मीटर आडवं, १ मीटर उभं) पेक्षा तीव्र नकोत. माथा सपाट करू नका, चांगला फुगीर ठेवा, कारण आतला कचरा कुजून बसत जातो, एकूण जाडीच्या दहावा ते चौथा हिस्सासुद्धा, आणि सगळीकडे सारखा नाही. आज सपाट केलेल्या माथ्यावर पाच वर्षांनी तळी साचतात.

माती आणि झाडं

बागेचं यश इथे ठरतं आणि बजेट नेमकं इथेच संपलेलं असतं. एका जागी लावलेली रोपं ओळीने वाळत होती, पाणी दिलं, खत दिलं, काही नाही. शेवटी एका मेलेल्या रोपाशेजारी फावड्याने खड्डा घेतला. चाळीस सेंटीमीटरवर फावडं टणकन वाजलं, आणि मुळं तिथपर्यंत सरळ खाली येऊन काटकोनात आडवी वळली होती, जणू खाली फरशी होती. माती ओली असताना डंपरने त्यावरूनच फेऱ्या मारल्या होत्या, बाकी काही नव्हतं.

तेव्हा माती सैल ओता. पोकलेन मागे मागे सरकत माती पुढे टाकत जाईल आणि टाकलेल्या मातीवर एकही चाक चढणार नाही, अशी पद्धत ठेवा. वरून ओबडधोबड दिसते, इन्स्पेक्शनला आलेले साहेब नाकं मुरडतात, मुरडू देत. माती हलवायचं काम कोरड्या दिवसांतच. खाण सुरू असतानाची चांगली वरची माती वेगळी राखलेली असेल तर नशीब समजा, ते ढीग ३ मीटरपेक्षा उंच रचू नका. नसेल तर ओव्हरबर्डनचा बारीक, आम्ल नसलेला भाग आणि भरपूर कंपोस्ट मिसळून माती बनवावी लागते.

गवताला १ मीटर पुरते, मोठ्या झाडांना झाकणाच्या वर निदान दीड मीटर द्या. झाडांची मुळं लायनर फोडतात ही भीती बरेच जण घालतात, पण नीट दाबलेल्या चिकणमातीत मुळं सहसा शिरत नाहीत, त्यांना वर पुरेशी ओल आणि जागा मिळाली की ती खाली जातच नाहीत. माती पातळ असेल तर मात्र झाड ओल शोधत झाकणापर्यंत जातं, माती सुकवतं, आणि वाऱ्यात मुळासकट उपटून पडतं.

खाणीच्या मालात नायट्रोजन जवळजवळ नसतो. पोत्याने युरिया टाकला तर पहिल्या वर्षी हिरवंगार, तिसऱ्या वर्षी पिवळं. त्यापेक्षा हवेतला नायट्रोजन धरणाऱ्या वनस्पती आधी आणा, थंड प्रदेशात क्लोव्हर आणि आल्डर, उष्ण प्रदेशात शेंगवर्गातली स्थानिक झुडपं. लहान रोपं लावा, पाच फुटी झाडं नको, लहान रोप त्या मातीत मूळ धरून मोठ्याला मागे टाकतं. आणि एखाद्या ठिकाणी झाडांचा गोल पट्टाच मरत असेल तर पाण्याचा दोष काढण्याआधी तिथे गॅस मोजा, मुळांना ऑक्सिजन मिळत नसेल.

माणसं आत सोडताना

कँटीन, टॉयलेट, ऑफिस हे सगळं कचऱ्याच्या बाहेर, मूळ जमिनीवर, आणि तिथेही फरशीखाली हवा खेळती आणि गॅस अडवणारी शीट. वायर, पाणी, ड्रेनेजचे चर म्हणजे गॅसला आयते रस्ते, इमारतीत शिरतात तिथे ते सील करा. पायवाटा मुरमाच्या किंवा डांबरी, काँक्रीटच्या नको, खचल्यावर मुरूम टाकून नीट करता येतो, काँक्रीट तुकड्या-तुकड्यांत उचकटतं. शेकोटी, बार्बेक्यूला बंदी. गॅस विहिरींना कुलूपबंद पिंजरा.

आकाराची मजा मात्र घ्या. इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये खाणीच्या १५ लाख टन मालातून आडव्या झोपलेल्या बाईच्या आकाराची टेकडी केलीय, नॉर्थंबरलँडिया, ४०० मीटर लांब, ३४ मीटर उंच, २०१२ मध्ये खुली झाली. त्यात लँडफिल नाही, नुसता ओव्हरबर्डन, पण ढिगाऱ्याचं काय करता येतं ते बघण्यासारखं आहे.

लोकांना तारखा देताना हात आखडता घ्या. न्यूयॉर्कचं फ्रेश किल्स, खाण नव्हे तर साधं लँडफिल, १९४८ ला सुरू होऊन २००१ मध्ये बंद झालं, जवळपास ८९० हेक्टर. तिथल्या नॉर्थ पार्कचा पहिला टप्पा, २१ एकरांचा, खुला व्हायला २०२३ उजाडलं. म्हणून आधी न भरलेल्या कडेच्या पट्ट्यात, दलदलीभोवती, एक छोटी वाट आणि चार बाकं करून द्या, लोकांचा विश्वास तिथून तयार होतो.

नंतरची ३० वर्षं

अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे बंद झाल्यावरची देखरेख ३० वर्षांच्या हिशोबाने धरतात, आणि खाणीचं पाणी त्याहून जास्त काळ येऊ शकतं. तो पैसा कचरा घेताना प्रत्येक टनामागे बाजूला टाका, वेगळ्या खात्यात, बाग झाल्यावर कुणी देत नाही. पहिली पाच वर्षं दर पावसाळ्यानंतर आख्खी जागा पायी फिरायची, साचलेलं पाणी, भेगा, ओल्या जागा, मेलेलं गवत, सगळं नकाशावर. किती खचलं ते कळायला जमिनीची लेव्हल वर्षातून एकदा, गॅस आणि पाणी निदान दर तीन महिन्यांनी. प्रत्येक बोअरचा नंबर झाकणावर कोरून घ्या, पेंट दोन वर्षांत उडतो. शाफ्टच्या टोप्या, ग्राउट केलेला भाग, सेलच्या कडा, लायनरचे जोड, हे सगळं एकाच नकाशावर चढवून त्याच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक बागेच्या माळ्याकडे पण, कारण दहा वर्षांनी कुणीतरी कंपाऊंडचा खांब रोवायला मशीन घेऊन येतो तेव्हा गेटवर तोच असतो.